कळप पुन्हा उभा राहायला किती पावसाळे लागतात?

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)



दिवाळी सरली की आडगावच्या पुढे, पेठ रोडला, नाहीतर म्हसरूळवरून दिंडोरीकडे जाताना कधीतरी तुमची गाडी थांबलेली असणार. समोर दोन-तीनशे मेंढ्या, काळ्या, करड्या, मधूनच एखादी पांढरी. मागे घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, त्यावर बांधलेली कोंबडी, पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं कोकरू, एक बाई, दोन कुत्री. तुम्ही मोबाईल काढला, पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला, खाली मेंढरांचं गाणं लावलं आणि स्टोरीला टाकला. काही हरकत नाही, सगळेच टाकतात. आज त्या पंधरा सेकंदांच्या पुढचं बोलू. तो कळप कुठून आला, कुठे चालला, आणि मुख्य म्हणजे दुष्काळ पडून गेल्यावर तो कळप पुन्हा कळप कसा होतो.

हा विषय सुचला तो केनियावरून. २०२२ मध्ये तिथल्या मसाई लोकांच्या मेलेल्या गाईंचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, आठवतंय? लाल शाल पांघरलेला उंच माणूस, आजूबाजूला हाडांचे सापळे. पूर्व आफ्रिकेत २०२० च्या शेवटापासून सलग पाच पावसाळे वाया गेले होते. तिथे वर्षाला दोन पावसाळे असतात, म्हणजे जवळजवळ अडीच-तीन वर्षं. एकट्या केनियात पंचवीस लाखांहून जास्त जनावरं गेली. मग २०२३ मध्ये पाऊस आला, आणि कॅमेरे निघून गेले. पाऊस आला म्हणजे दुष्काळ संपला, असं आपण धरतो ना, तसंच.

गंमत बघा, म्हणजे गंमत नाही ती, पण ज्या एल निनोने २०२३ च्या शेवटी केनियात धो धो पाऊस पाडला, पूर आणले, तोच एल निनो त्या वर्षी आपल्याकडचा पाऊस खाऊन बसला होता. त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातले तीन: मालेगाव, सिन्नर, येवला. म्हणजे मसाईंचा दुष्काळ सुटला आणि आपल्या मेंढपाळांचा सुरू झाला. त्यामुळे मसाईंना कशी मदत करायची हा प्रश्न मला पंचवटीत बसून लांबचा वाटत नाही.

आधी एक हिशोब करू. कागद-पेन नको, तोंडी जमतो.

समजा, एका घराच्या शंभर मेंढ्या. दुष्काळात काही मेल्या, काही विकल्या, तीस उरल्या. तिसांच्या तीस माद्या आहेत असं धरू, म्हणजे नशीब चांगलं धरू. मेंढी पाच महिने गाभण असते आणि आपल्याकडची मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. वर्षभरात पंचवीस कोकरं जगली. त्यातले निम्मे नर, ते विकायचेच, कारण घर त्यावरच चालतं. उरल्या बारा माद्या. त्या स्वतः व्यायला दीड-दोन वर्षं. मधल्या काळात चार-पाच म्हाताऱ्या मेंढ्या गळणार. म्हणजे तिसाच्या झाल्या सदतीस-अडतीस. या वेगाने शंभरावर जायला सहा वर्षं तरी लागतात. तेही कुणी आजारी पडलं नाही, मुलीचं लग्न निघालं नाही, लांडगा आला नाही तर.

आता महाराष्ट्राचे अलीकडचे मोठे दुष्काळ आठवा. २०१२, २०१५, २०१८, २०२३. मधलं अंतर तीन वर्षं, तीन वर्षं, पाच वर्षं.

म्हणजे कळप भरायला सहा वर्षं आणि पुढचा दुष्काळ त्याच्या आत. मला सांगायचंय ते एवढ्या हिशोबात आलं. मेंढपाळ एका दुष्काळाने मोडत नाही. आधीच्यातून सावरायच्या आत पुढचा येतो, म्हणून मोडतो. त्यामुळे मदत मोजायची असेल तर किती टन चारा वाटला हे विचारू नका. पाऊस पडला त्या दिवशी दावणीला, म्हणजे वाघरीत, किती माद्या जिवंत होत्या हे विचारा. वाघर म्हणजे ती जाळी, रात्री मेंढ्यांभोवती, कोकरांभोवती लावतात ती.

आपल्याकडे दुष्काळात जनावरांसाठी काय होतं? चारा छावणी. आणि छावणीला नावं ठेवायला मी बसलेय असं समजू नका. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात दीड हजारांच्या आसपास छावण्या होत्या, दहा लाखांच्या आसपास जनावरं होती त्यात, सगळ्यात जास्त बीड, नगर आणि सोलापूरला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३ च्या दुष्काळात चालवलेली छावणी तर महिनोन्‌महिने चालली. माणसं जनावरांबरोबर तिथेच राहायला आली, पोरं तिथूनच शाळेत गेली. छावण्या नसत्या तर शेतकऱ्यांचे गोठे रिकामे झाले असते.

पण छावणी कुणासाठी आखलेली असते ते बघा. ज्याला गाव आहे, सातबारा आहे, दावणीला गाय, बैल, म्हैस आहे, त्याच्यासाठी. २०१९ ला मोठ्या जनावरामागे दिवसाला नव्वद रुपये मिळायचे, पुढे ते शंभर झाले. लहान जनावरामागे पंचेचाळीस, मग पन्नास. हे लहान जनावर म्हणजे वासरू बरं का. मेंढ्यांचं काय? शेळ्या-मेंढ्यांसाठी छावण्या हव्यात ही मागणी त्या साली जोर धरून पुढे आली, आणि ती मान्य होईपर्यंत उन्हाळा बराच पुढे गेला होता. तोवर मेंढपाळ काय गावात थांबला असेल? तो केव्हाच निघाला होता, कारण निघणं हीच त्याची दुष्काळावरची पहिली योजना असते. नगर जिल्ह्यातले पारनेरकडचे वाडे घाट उतरून कोकणात, कल्याण-ठाण्याकडे जातात. सिन्नर, नांदगाव, येवल्याकडचे पाणी असलेल्या भागाकडे, गोदावरीच्या कालव्यांकडे सरकतात. वाडा म्हणजे इथे इमारत नाही हं, काही कुटुंबांनी मिळून एकत्र चालवलेला तळ.

आणि हे आजचं नाही. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशाने पुढे उचललेली गोष्ट. पण खडी फोडायला किंवा तलावाच्या कामावर जायचं तर रोज त्याच जागी हजर राहावं लागतं. तीनशे मेंढ्या कुणाकडे ठेवून जाणार? आपली मदत नेहमी पत्ता विचारते, आणि या माणसाचा पत्ता दर दोन दिवसांनी बदलतो.

आता पंचवटीकडे येते. आपल्या पंचवटीत जनावर जगवण्याची परंपरा नाही असं कुणी म्हणणार नाही. गोदाघाटावर गाईला चारा घालून पुण्य घेणारी माणसं आपण रोज बघतो. नाशिक पंचवटी पांजरपोळ ही संस्था १८७८ ची. सालावरून काही आठवलं? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता, माणसं आणि जनावरं दोन्ही लाखांनी गेली. त्याच दुष्काळाच्या शेवटी ही संस्था सुरू झालेली. आज चुंचाळ्याला तिची आठशे एकरांच्या वर जमीन आहे, झाडी आहे, चारा पिकतो, जनावरं सांभाळली जातात. २०२३ मध्ये ही जमीन उद्योगांसाठी द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा नाशिकच्या पर्यावरणवाल्यांनी ती उचलून धरली नाही, विरोधच केला. शहराच्या पोटात एवढी मोठी हिरवी जागा दुसरी नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक प्रकार झाला. शंभरावर उंट चालत नाशिकमध्ये येऊन पोहोचले. कुठे चालवलेत, कशासाठी, यावरून गोंधळ झाला, आणि त्यातल्या बऱ्याच उंटांना चुंचाळ्याच्या पांजरपोळात ठेवलं गेलं. शेवटी राजस्थानातून राईका लोक आले, पिढ्यान्‌पिढ्या उंट सांभाळणारे, आणि त्यांनी ते उंट चालवत परत नेले. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं: या शहराला अचानक आलेला, फिरता, परका कळप काही दिवस सांभाळता आला. आणि तो परत नेताना त्या जनावराची भाषा कळणारी माणसंच लागली. उंटांसाठी जे जमलं ते दुष्काळात मेंढ्यांसाठी का जमू नये? संस्थेच्या नियमांत बसेल की नाही ते तिचे विश्वस्त जाणोत. पण चारा आणि पाणी असलेली, रस्त्यालगतची, आठ-दहा दिवस थांबता येईल अशी जागा, हीच फिरत्या कळपाची खरी छावणी असते. एकाच जागी चार महिने त्याला नकोच असतात.

मसाईंकडे परत जाऊ, कारण सावरण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून, आणि तिथे झालेल्या चुकांमधूनही, शिकण्यासारखं बरंच आहे.

त्यांच्यात एक नातं असतं, त्याला ते ओसोतुआ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ नाळ. आईची आणि बाळाची असते ती. आपण म्हणतो ना, अमक्याशी नाळ जुळली, तसं त्यांनी खरोखरच नात्याचं नाव ठेवलंय. ज्याच्याशी ओसोतुआ आहे त्याच्यावर वेळ आली तर तो मागतो, पण गरजेपुरतंच मागतो. आणि दुसऱ्याकडे असेल तर तो देतो. परतफेडीचा हिशोब ठेवायचा नाही. दुष्काळात ज्याची जनावरं गेली त्याला अशा चार-पाच नात्यांतून एकेक गाय, दोन शेळ्या येतात. मित्र लांब लांबच्या भागांत असतील तर फारच चांगलं, कारण दुष्काळ सगळीकडे सारखा पडत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी पद्धत म्हणजे अर्धल. ज्याच्याकडे जास्त आहेत तो अर्धलीनं शेळी-मेंढी सांभाळायला देतो, होणारी पिल्लं निम्मी निम्मी. गरिबाला कळप उभा करायला ही वाट आजही गावोगाव चालते. पण अर्धलीत हिशोब असतो, आणि मालक शहाणा असेल तर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला नर जास्त आणि माद्या कमी, हेही असतं. ओसोतुआत हिशोब नाही. तरी तीही आता पुरी पडत नाही, कारण पाच पावसाळे गेल्यावर द्यायला कुणाकडेच काही उरत नाही. अशा वेळी बाहेरून मदत लागते. ती कशी असावी, यात खरी मेख आहे.

सगळ्यात सोपी वाटणारी मदत: जनावरं विकत घेऊन वाटा. मसाई स्वतःही दुष्काळानंतर पहिली सुरुवात गाईंनी करत नाहीत, शेळ्या-मेंढ्यांनी करतात. कारण सरळ आहे. शेळी-मेंढी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिने घेते आणि कालवड व्यायला यायला तीन-चार वर्षं जातात. शेळ्या वाढल्या की त्यांच्या बदल्यात गाय. आपल्याकडे गावात कोंबड्यांवरून शेळीवर आणि शेळीवरून म्हशीवर जाणारी बाई जे करते तेच.

पण कुठली मेंढी वाटायची? मसाईंची एक जुनी मेंढी आहे, तांबूस, रेड मसाई. दिसायला लहान, अंगावर मांस कमी. पण पोटातल्या जंतांना ती दाद देत नाही आणि कोरड्यात तग धरते. सत्तरच्या दशकापासून तिच्यावर दक्षिण आफ्रिकेतली डॉर्पर मेंढी घातली गेली. डॉर्पर मोठी, गुबगुबीत, बाजारात भाव जास्त. इतका संकर झाला की शुद्ध रेड मसाई शोधायला लागतात आता. आणि चारा संपला, औषधं परवडेनाशी झाली, की मोठी मेंढी आधी बसते.

आपल्याकडे दख्खनी मेंढी आहे. नाशिक-नगरकडे तिची संगमनेरी जात चालते. काळी, काटक, रोज मैलोन्‌मैल चालणारी, कुसळं आणि काटेरी पाला खाऊन राहणारी. तिची लोकर जाडीभरडी. घोंगडी कुणी घेईना, त्यामुळे लोकरीला भावच नाही, कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणून लोक सांगलीच्या जतकडच्या माडग्याळ मेंढ्याकडे वळतात. उंच, देखणा, वजनदार, आणि एकेकाची किंमत ऐकली तर तुम्ही दुचाकी घ्याल. मेंढपाळाने भाव बघू नये असं मी म्हणत नाही, त्याला घर चालवायचंय. पण सरकारी किंवा देणगीच्या पैशातून कळप भरून देताना नुसतं वजन बघणं बरं नव्हे. या मुलखात पुढचा दुष्काळ तीन वर्षांत येणार आहे हे माहीत असताना तर नाहीच.

सरकारी योजना आहे, हे सांगायला हवं. २०१७ मध्ये सुरू झालेली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना. वीस मेंढ्या आणि एक नर असा गट, पंच्याहत्तर टक्के अनुदानावर. त्यात फिरत्या मेंढपाळांचा वेगळा विचार केला आहे, ही चांगली गोष्ट. त्यातच चराई अनुदान आहे: जून ते सप्टेंबर महिन्याला सहा हजार, म्हणजे चोवीस हजार रुपये. हे चार महिने का? कारण पावसाळ्यात शेतं पेरलेली असतात, मेंढ्या घालायला जागाच नसते. ज्याने हे महिने ठरवले त्याला मेंढपाळाचं वर्ष कळत होतं. पण दुष्काळाचं वर्ष वेगळं चालतं. त्यात मार्चपासूनच घास नसतो, आणि जून उजाडेपर्यंत मेंढ्या विकून झालेल्या असतात.

आणि विकण्याची गोष्ट अशी की दुष्काळात सगळेच एकदम विकायला काढतात. बाजारात जनावर उदंड, आणि सगळी हाडाडलेली. जनावराचा भाव पडतो, त्याच वेळी बाजरीचा चढतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात इथिओपियातल्या पशुपालकांबद्दल हेच दाखवलं होतं: जनावरं मेली म्हणून जेवढे उपाशी राहिले, तेवढेच उरलेल्या जनावरांच्या बदल्यात धान्य मिळेना म्हणूनही राहिले. तेव्हा मदत लागते ती इथे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेंढी अजून चालती-फिरती असताना, नर आणि म्हाताऱ्या मेंढ्या ठरलेल्या बऱ्या भावाने कुणी घेतल्या तर त्या पैशातून उरलेल्या माद्यांना सरकी-पेंड घालता येते. एप्रिलमध्ये तेच पैसे दिले तर ते कर्ज फेडण्यात जातात.

केनियात या वेळेच्या प्रश्नावर एक वेगळा प्रयोग झाला. मसाईंकडे नाही, उत्तरेला मार्साबित भागात, बोराना, रेंदिले अशा लोकांच्या मुलखात, २०१० पासून. उपग्रहातून जमीन किती हिरवी आहे ते मोजायचं. हिरवळ नेहमीपेक्षा फार खाली गेली की विम्याचे पैसे सुटणार. जनावर मेलं का, पंचनामा झाला का, कानात बिल्ला होता का, काही विचारायचं नाही. २०१५ मध्ये केनिया सरकारने याच धर्तीवर योजना काढली, आणि तेव्हा पैसे जनावर मरायच्या आधी, चारा-पाण्यासाठी मिळतील असं बघितलं. आपल्याकडचा पशुधन विमा अजून मेलेल्या जनावरावर मिळतो. बिल्ला दाखवा, डॉक्टरांचा दाखला आणा. घाटात मध्यरात्री मेलेल्या मेंढीचा दाखला कोण देणार? उपग्रहालाही सगळं कळतं असं नाही म्हणा. वरून हिरवं दिसतं ते गवत आहे की जनावर तोंड लावत नाही असं झुडूप, हे त्याला सांगता येत नाही, आणि त्यावरून तिथे लोकांची नाराजीही झाली. तरी पैसा मरणाच्या आधी पोहोचायला हवा, हे त्यांनी मान्य केलं.

आता मला जी गोष्ट सगळ्यात अवघड वाटते तिच्याकडे येते. चराईची जागा.

मसाईंच्या जमिनी इंग्रजांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी आक्रसल्या, लायकिपियाची चांगली कुरणं गोऱ्या वसाहतकारांकडे गेली. स्वातंत्र्यानंतर १९६८ च्या कायद्याने गटाच्या सामायिक जमिनी झाल्या, आणि पुढे त्या गटांनीच त्या वाटून घेतल्या. प्रत्येकाला आपापला तुकडा, आपापलं कुंपण. कागदावर मालकी आली आणि पाऊस दुसरीकडे पडला तर तिकडे जायची वाट बंद झाली. आता तिथे दक्षिणेकडे, अंबोसेलीच्या बाजूला, मसाई बायकांचे गट गवताच्या बियांची बँक चालवतात. उजाड जमिनीत अर्धचंद्रासारखे खड्डे काढायचे, पावसाचं पाणी त्यात अडतं, गवत उगवतं. बी विकायचं, गवत विकायचं, आणि कोरड्यात आपल्या जनावरांना ठेवायचं. उत्तम काम आहे.

आपण म्हणाल, हे तर आपल्याकडे केव्हाच झालंय. बरोबर. राळेगण, हिवरे बाजार. पाणी अडवलं, झाडं लावली, चराईबंदी केली, गवत कापून नेलं, दूध वाढलं. हिवरे बाजारचं नाव देशभर झालं आणि ते रास्तच आहे. पण ‘चराईबंदी’ हा शब्द वाड्याच्या बाजूने ऐकून बघा. एकेक गाव सुधारत जातं आणि एकेक माळ बंद होत जातो. वनखात्याची हद्द आली की दंड. निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या बागांना कुंपणं. पूर्वी बाजरी निघाली की शेत मोकळं असायचं, शेतकरी स्वतः वाड्याला निरोप पाठवायचा, मेंढ्या खताला बसवायचा, त्याबद्दल धान्य द्यायचा. अजूनही बसवतात, आता पैसे देतात. पण ठिबक अंथरलेल्या आणि वर्षातून तीन पिकं घेणाऱ्या शेतात मेंढीने पाय कुठे ठेवायचा?

चराईबंदी उठवा, असं मी म्हणत नाहीये. बंद केलेल्या कुरणात गवत वाढतं हे खरंच आहे. पण वर्षातले काही दिवस, ठरलेल्या संख्येने, ठरलेल्या वाटेने बाहेरच्या वाड्याला आत घ्यायचं, त्या बदल्यात लेंडीखत घ्यायचं, असा करार ग्रामसभेला करता येतो. त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. बसून बोलावं लागतं. आणि ज्या टेबलावर हे बोलणं होतं तिथे मेंढपाळ कधीच नसतो, कारण ग्रामसभेच्या दिवशी तो दीडशे किलोमीटर लांब असतो.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. दुष्काळात जेवढी जनावरं मरतात त्यात पहिल्या पावसात मरणारी बरीच असतात. अंगावर मांस नाही, त्यात थंड पाऊस, रात्रभर उघड्यावर. सकाळी मेंढी उठत नाही. आणि जी उठते ती कोवळ्या हिरव्यावर तुटून पडते, पोट फुगतं, आंत्रविषार होतो. मसाईंनी हेच पाहिलं. दुष्काळ नसतानाही थंड पावसाने काय होतं ते १ आणि २ डिसेंबर २०२१ ला आपण पाहिलंय: अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे, नगर, नाशिक भागात हजारो शेळ्या-मेंढ्या गारठून गेल्या. वाडे उघड्या माळावर होते. तेव्हा दुष्काळाची मदत पाऊस पडला म्हणून थांबवायची नसते. उलट त्याच आठवड्यात ताडपत्री, आंत्रविषाराची लस आणि सुका चारा लागतो. पाऊस पडला की छावणी उठते, आणि नेमका तोच आठवडा सगळ्यात वाईट असतो.

मला विचारतात, आम्ही काय करायचं? आम्ही काही सरकार नाही. ठीक आहे, पंचवटीपुरतं बोलू. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात कोबी-फ्लॉवरचा पाला रोज ढिगाने पडतो. उन्हाळ्यात तो वाड्यापर्यंत नेणं एका टेम्पोचं काम आहे. पण ताजाच न्या, सडलेला नको, आणि एकदम ढीग घालू नका, त्यांच्या सुक्या चाऱ्याबरोबर थोडा थोडा. शिळ्या पोळ्या, भात, धान्य मात्र मेंढ्यांसमोर ओतू नका. पुण्य म्हणून लोक करतात, आणि पोटात आम्ल होऊन जनावर दुसऱ्या दिवशी मरतं. शेत असेल आणि विहिरीला पाणी असेल तर हौद भरून ठेवा, वाडा स्वतः विचारायला संकोचतो. कांदा निघाल्यावर रान मोकळं असेल तर मेंढ्या बसवा. औषध फवारलं असेल तर ते मात्र आधी सांगा.

आणि तुमच्या हातातल्या फोनचा एक उपयोग. आजारी जनावरासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. मेंढपाळाकडेही फोन असतोच, पण पलीकडून पहिला प्रश्न येतो, गाव कुठलं, शिवार कुणाचं, खूण सांगा. परक्या मुलखात त्याला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं. पुढच्या वेळी रस्त्यात कळप आडवा आला, आणि मागे एखादी मेंढी लंगडताना किंवा फुगलेली दिसली, तर गाडी बाजूला लावा, त्या बाईला किंवा बाबांना विचारा, आणि त्यांच्या वतीने फोन करून जागा नीट समजावून सांगा. पथक येईपर्यंत दहा मिनिटं थांबता आलं तर थांबा, कारण तोवर बाकीच्या मेंढ्या पुढे गेलेल्या असतात आणि मागे एकच माणूस त्या आजारी मेंढीपाशी राहिलेला असतो.